नौदल आणि शाळा : आपल्या माणसांनी नेमकं काय काम केलं ते लिहूया

बाबा नौदलात होते, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघांच्या निरोप समारंभाला मी हजर होतो, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, सेवाव्रती, समर्पित, निष्ठावान असं सगळं बोलून झालं, पण ही दोन माणसं रोज उठून काय करत होती याबद्दल कुणी एक वाक्य बोललं नाही. ते मला फार लागलं. म्हणून हा धागा. तुमच्या घरात, शेजारात नौदलातलं किंवा शिक्षकी पेशातलं कुणी असेल किंवा तुम्ही स्वतः असाल तर लिहा, फक्त विशेषणं नकोत, काम लिहा.

मी सुरुवात करतो. बाबांचं ट्रेनिंग लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या ट्रेनिंगच्या तळावर झालं आणि मग आयुष्य बॉयलर रूममधे. वाफेवर चालणारी जहाजं होती ती. चार-चार तासांचे वॉच म्हणजे पाळ्या असायच्या, पण संध्याकाळी चार ते आठ या वेळेचे मुद्दाम दोन तुकडे करतात, डॉग वॉच म्हणतात त्याला, म्हणजे दिवसाचे सहाऐवजी सात वॉच होतात आणि रात्री बारा ते चारची पाळी रोज एकाच माणसाच्या गळ्यात पडत नाही. खाली इतकं गरम की वॉच संपवून वर आलं की डेकवर नुसतं उभं राहायचं, बोलायचं नाही कुणाशी. आज सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा आवाज जरा बदलला तरी बाबा झोपेतून उठून खाली जातात.

आईची शाळा द्विशिक्षकी. दुसरे गुरुजी मीटिंगला किंवा जनगणनेला गेले की चारही वर्ग तिच्यावर. पहिलीला चिंचोके मोजायला, दुसरीला शुद्धलेखन, तिसरीला फळ्यावर गणितं, आणि चौथीची स्कॉलरशिपची तयारी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता. बाबांना पत्र लिहायची तेव्हा पत्त्यात जहाजाचं नाव आणि मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई एवढंच, जहाज कुठल्या समुद्रात आहे ते आम्हाला माहीत नसायचं. पत्रं मागेपुढे पोचायची म्हणून ती पाकिटावर नंबर टाकायची. कारण एकात मी तापाने फणफणलोय आणि पुढच्यात बरा होऊन शाळेत गेलोय, ही दोन उलट्या क्रमाने मिळाली तर त्या माणसाने तिकडे काय करायचं?

खाडीपलीकडे

माझ्या मावशीबद्दल लिहिते. तिचे यजमान आयएनएस खुकरीवर होते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने टॉर्पेडो मारला आणि १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला इतरांना बाहेर काढत राहिले आणि स्वतः जहाजाबरोबर गेले, महावीरचक्र मिळालं त्यांना, हे बहुतेकांना माहीत असतं. मागे राहिलेल्या बायकांचं पुढे काय झालं ते मात्र कुणी विचारत नाही.

मावशी मॅट्रिक होती. माहेरी आली, डी.एड. केलं आणि कोकणातच शाळेवर लागली. तिच्या गावात चौथीपर्यंतच शाळा, पाचवीला खाडी ओलांडून जावं लागायचं, आणि तरीचे म्हणजे होडीचे पैसे कोण भरणार म्हणून मुली घरी बसायच्या. मावशी तरीवाल्याकडे गेली. तू पोरींचे पैसे घेऊ नकोस, महिन्याला काय होतील ते मी देते. काही महिने दिले तिने, मग तरीवाल्यानेच घेणं बंद केलं. त्या मुलींतल्या दोघी पुढे नर्स झाल्या, एक तलाठी झाली. मावशीचं काम म्हणजे हे. वर्गात शिकवायची पण छानच, पण मुलगी पाचवीला गेली की नाही हे बघायला ती जूनमधे घरोघर फिरायची, पावसात, छत्री घेऊन.

रिटायर झाल्यावर आम्ही तिला दीवला घेऊन गेलो होतो, तिथे खुकरीचं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती ठेवलीय. तिने बोट ठेवून विचारलं की जेवणघर कुठे असेल यात, कारण यजमान पत्रात जेवणाबद्दलच जास्त लिहायचे. तिथे उभ्या असलेल्या एका निवृत्त नौसैनिकाने तिला अख्खं जहाज समजावून सांगितलं, खालून वरपर्यंत, अर्धा तास. त्या गृहस्थांचं नाव विचारायचं राहिलं.

बंदरकर

खाडीपलीकडे, मावशींना दंडवत. याहून जास्त लिहवत नाही.

शिक्षक, रिटायर्ड, युनिफॉर्मवाला

नौदलात एज्युकेशन ब्रँच असते हे बऱ्याच जणांना माहीत नाही. मी त्यातला. म्हणजे अधिकारी पण आणि मास्तर पण. कॉलेजातून एम.एस्सी. होऊन गेलो, वाटलं बंदुका चालवू, आणि हातात खडू आला. पहिल्यांदा मन खट्टू झालं होतं, पण दहावी-बारावी झालेली खेड्यातली पोरं समोर बसतात आणि त्यांना थोड्या महिन्यांत बॉयलर, टर्बाइन, जनरेटर सांभाळायचं असतं, तिथे गणित कच्चं ठेवून चालत नाही. माझ्या वर्गात अपूर्णांक न येणारा मुलगा असायचाच. त्याला रात्री वेगळं बसवायचं.

सगळ्यात चांगलं शिक्षण मी पाहिलं ते डॅमेज कंट्रोलच्या सिम्युलेटरमधे. जहाजाची खोली बनवलेली असते, ती हलते, भिंतीला भोकं असतात आणि त्यातून पाणी जोरात आत येतं, दिवे जातात, आणि पोरांनी लाकडी खुंट्या, पाचरी, टेकू लावून ते पाणी थांबवायचं. छातीपर्यंत पाणी येतं. पुस्तकातला दाब आणि खोली यांचा धडा तिथे जो कळतो तो जन्मभर राहतो. आपल्या शाळांना याच्या शंभराव्या हिश्शाची जरी प्रयोगशाळा मिळाली ना, तर मुलं विज्ञानाला घाबरणार नाहीत, हे मी जिथे जातो तिथे बोलतो.

डहाणूकडची

मी पालघर जिल्ह्यात आदिवासी पाड्यावर शिकवते. इथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९४५ ला बोर्डीला त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं, १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात. लोक याला थोर विचार म्हणतात, मला ती फार व्यवहारी गोष्ट वाटते, कारण आजही माझ्यापुढे तोच प्रश्न आहे.

दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जातात, पोरं बरोबर जातात. पटावर नाव असतं आणि वर्ग रिकामा. आजी-आजोबांकडे मूल ठेवा म्हणून मी दिवाळीआधीच पाड्यावर फिरायला लागते, काही ठेवतात, काहींच्या घरी आजीच नसते. मग भट्टीवर जायचं, जवळच्या शाळेत त्यांचं नाव घालायचं, तिथल्या बाईंना फोन करून सांगायचं की हा वारली बोलतो, पहिले काही दिवस गप्प बसेल, त्याला मठ्ठ समजू नका. तो फोन हे माझ्या मते माझं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि ते कुठल्याही रजिस्टरमधे भरायला रकाना नाही.

साधा माणूस

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सेवा म्हटलं की पगाराचं कुणी बोलत नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, म्हणजे नव्या शिक्षकाला आधी तीन वर्षं पगाराऐवजी ठरलेलं मानधन, तेव्हा प्राथमिकला महिना ३००० रुपये. माझी बायको त्यात लागली, घरापासून लांब, खोलीचं भाडं आणि एसटी यातच निम्मे जायचे. ती शिकवायला कमी पडली नाही कधी, पण तिने ती तीन वर्षं माहेरून तांदूळ आणून काढली. २०२३ ला ते मानधन १६००० झालं, ठीक आहे. समर्पण वगैरे जरूर म्हणा पण माणसाला वेळेवर पुरेसे पैसे द्या, ही माझी मनापासून विनंती आहे सगळ्यांना.

रशियन शिकलेल्या बाबांची मुलगी

@साधा माणूस, शंभर टक्के पटलं.

माझे बाबा मिसाइल बोटींवर होते. सोव्हिएत युनियनकडून घेतलेल्या बोटी, त्यासाठी आपल्या लोकांना व्लादिवोस्तोकला पाठवलं आणि आधी रशियन शिकावं लागलं कारण सगळं ट्रेनिंग रशियनमधून. बाबा मराठी माध्यमातले, इंग्रजीच नुकतं जमायला लागलेलं, त्यात ही नवी लिपी. बर्फात पहाटे उठून शब्द पाठ करायचे. ४ डिसेंबर १९७१ ला निर्घात, निपात आणि वीर या बोटींनी कराचीवर हल्ला केला, म्हणून त्या तारखेला नौदल दिन. बोटी छोट्या, लांब जाण्याइतकं इंधन नाही म्हणून त्यांना मोठ्या जहाजांनी ओढत नेलं होतं आणि बिनतारी संदेश शत्रूला कळू नये म्हणून आपली माणसं आपसात रशियनमधे बोलत होती. बाबा त्या रात्री तिथे नव्हते, मुंबईला दुरुस्तीच्या कामावर होते, आणि हे ते प्रत्येकाला आधी सांगायचे म्हणजे उगाच कुणी हार घालायला नको. पण बोटी तयार ठेवणारे हात पण लागतातच की.

फलटणचे गुरुजी

आमच्या तालुक्यात विंचुर्णीला व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी राहायचे, १९७१ मधे आयएनएस कामोर्टाचे कप्तान, वीरचक्र. भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना त्यांची. ती कमांडर दिलीप दोंदे यांनी पुरी केली, गोव्यात दिवाडीला बांधलेल्या म्हादेई बोटीतून, ऑगस्ट २००९ ते मे २०१०.

मी तेव्हा भूगोल शिकवत होतो. भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि टाचणी-दोऱ्याने बोट पुढे न्यायला लागलो. मुंबई, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन, मुंबई. समुद्र न पाहिलेली दुष्काळी भागातली पोरं रोज सकाळी विचारायची, गुरुजी आज कुठं आले दोंदे साहेब? लिटलटनच्या पुढे बोट १८० रेखावृत्त ओलांडून पूर्वेला गेली आणि मी सांगितलं की आता त्यांना एक तारीख दोनदा मिळणार, तर वर्गात नुसता गोंधळ, एक पोरगा म्हणाला मग त्या दिवशी वाढदिवस असला तर? आंतरराष्ट्रीय वाररेषा मी त्याआधी कितीदा शिकवली असेल, पण ती कळली त्या वर्गाला. २०१७ ला तारिणी या शिडाच्या बोटीवरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी अशाच प्रदक्षिणेला गोव्यातून निघाल्या तेव्हा परत दोरा लावला, या वेळी मुलींनी टाचण्या माझ्या हातात दिल्याच नाहीत.

धागाकर्ता

सगळं बाबांना वाचून दाखवलं. डॅमेज कंट्रोलचं ऐकून ते म्हणाले की पाचर कोरड्या लाकडाची असावी, भिजली की फुगते आणि भोक घट्ट बंद होतं, हे लिही. आणि फलटणच्या गुरुजींना आईने विचारलंय की नकाशा केवढा होता आणि कुठे मिळतो, तिला तो तिच्या जुन्या शाळेला द्यायचाय. अजून लिहा. जहाजावरचे स्वयंपाकी, सिग्नलवाले, शाळेतले शिपाई, खिचडी शिजवणाऱ्या ताई, यांच्याबद्दल अजून कुणीच लिहिलेलं नाही.