जुन्या आर्टकॅमवर गणपतीचं पॅनेल: सॉफ्टवेअर बदलावं का?

कोरीव_भोसरी
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, देवघरं आणि दारांची पॅनेल करतो. मामांनी राउटर (संगणकावर चालणारं कोरीवकामाचं मशीन) घेतला तेव्हा त्याचं डिझाइन सॉफ्टवेअर आर्टकॅम प्रो २००८ रीतसर डोंगलसकट (लायसन्सची किल्ली, संगणकाला जोडायची) घेतलं होतं, विंडोज ७ वर अजून तेच चालतं. आता ९०० बाय ६०० मिमी सागवानी पॅनेलवर गणपती हवाय, खोली २५ मिमी. गिऱ्हाइकाच्या ग्रेस्केल (काळ्या-पांढऱ्या छटांच्या) चित्रावरून रिलीफ (छटेप्रमाणे उंची धरलेलं उठावाचं मॉडेल) केलं तर पोटावर पायऱ्या दिसतात. रिझोल्यूशन (दोन बिंदूंमधलं अंतर) ०.१ मिमी केलं की सॉफ्टवेअर बंदच पडतं. नवीन घ्यावं का?

राउटरवाला
घ्या. आर्टकॅम बनवणारी डेलकॅम कंपनी २०१४ ला ऑटोडेस्कनं घेतली, २०१८ ला आर्टकॅमची विक्री थांबली. त्याच पायावर आता कार्व्हेको मिळतं. डोंगल गेला तर दाद कुणाकडे मागणार?

लाकूडवेडा_भवानीपेठ
दादा, पैसे मोडण्याआधी चित्र तपासा. आठ बिटच्या ग्रेस्केलमध्ये छटा २५६च. २५ मिमी खोली त्यांत वाटली की एकेक पायरी जवळपास ०.१ मिमीची. बोटाला लागते, पॉलिश चढल्यावर तर जास्तच उठून दिसते. हेच चित्र नव्या सॉफ्टवेअरला दिलंत तरी पायऱ्या त्याच.

बंद पडण्याचं कारण वेगळं. ०.१ ला ९००० गुणिले ६०००, म्हणजे ५ कोटी ४० लाख बिंदू झाले. ३२ बिटच्या प्रोग्रामला विंडोज साधारण २ जीबी मेमरी देतं, रॅम कितीही घाला. ०.२ वर या, बिंदू चौथाई होतात. १ मिमी टोकाच्या टेपर बॉलनोजनं (निमुळत्या, गोल टोकाच्या टूलनं) त्याहून बारीक काही लाकडात उतरतही नाही.

आणि माझं ऐकाल तर पोट चित्रावरून काढूच नका. बाह्यरेषेच्या व्हेक्टरची (आखलेल्या रेषेची) दोन्ही टोकं जुळवा, शेप एडिटरनं फुगवटा द्या. सोंड टू-रेल स्वीपनं: दोन कडा आखा, छेद बुंध्याशी मोठा आणि टोकाकडे लहान ठेवा. ती पोटावर बसवताना 'अ‍ॅड' नको, 'मर्ज हाय' घ्या. अ‍ॅडमध्ये पोटाच्या उंचीवर सोंडेची पूर्ण उंची चढते आणि सोंड नळकांड्यासारखी पुढे येते. मर्ज हायमध्ये दोन्हींतलं जे उंच तेच राहतं, म्हणून कड पोटात नीट मुरते. या कामात २००८ कुठंही कमी पडत नाही. पापणीची कड मात्र मशीनवर सोडू नका, ती पटाशीनं हातानंच काढा. मूर्तीत जीव तिथंच येतो.

डोंगलची भीती रास्त आहे. प्रत्येक रिलीफ एसटीएलमध्येही (३डी आकाराची सर्वसाधारण फाइल) काढून ठेवा, उद्या दुसऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडेल.

कोरीव_भोसरी
काका, खूप आभार. पोट आणि सोंड तशीच काढतो. फिनिशिंगला ०.२ मिमी स्टेपओव्हर (टूलच्या दोन शेजारच्या रेषांतलं अंतर) ठेवला तर वेळ किती लागेल?

लाकूडवेडा_भवानीपेठ
पूर्ण पॅनेलवर ०.९ मीटरच्या ३००० रेषा होतात, म्हणजे २७०० मीटर. मिनिटाला ३ मीटर वेग धरला तरी १५ तास, वळणावर मशीन मंदावतं ते वेगळं. म्हणून आधी ६ मिमी फ्लॅट (सपाट टोकाच्या) टूलनं रफिंग करा, म्हणजे जास्तीचं लाकूड काढून टाका, ०.२ चं फिनिशिंग फक्त मूर्तीच्या व्हेक्टरच्या आत चालवा आणि सपाट पार्श्वभूमी फ्लॅट टूलनंच उरका. सागात सिलिका असते, धार लवकर जाते. चेहऱ्याला नवा टूल लावा.