गेम आपल्याला गुंतवतो की अडकवतो? पार्लरचे मुस्तफावाले आणि मोबाईलचे कँडीवाले, दोघंही या

महालचा_मुस्तफा
काल नागपुरात लोकमान्य नगरहून बर्डीला मेट्रोनं येत होतो. शेजारच्या काकू कँडी क्रश खेळून राहिल्या होत्या. चाली संपल्या, फोडायची एकच जेली उरलेली. स्क्रीन विचारते, अजून पाच चाली विकत पाहिजेत का? काकूंचा अंगठा बटणापर्यंत दोनदा गेला, दोनदा मागे आला. सुभाष नगर गेलं तरी निर्णय होईना.

माझं म्हणणं असं की आमच्या वेळचा, पार्लरच्या मशीनवर नाणं टाकून खेळायचा खेळ हाताला धरायचा, आताचा घड्याळाला बांधतो. कँडी क्रशमध्ये पाच जीव, ते संपले की एक परत मिळायला ३० मिनिटं. म्हणजे फोन खिशात असला तरी गेम डोक्यात चालूच. पॅकमॅन (१९८०) बघा, चक्रव्यूहात ठिपके खात भुतांपासून पळायचं. लाल भूत मागे लागतं, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवतं, आणि मधूनच चारही भुतं आपापल्या कोपऱ्याकडे वळतात, तेवढाच श्वास मिळतो. हे ज्याला उमजलं तो दुसरं नाणं टाकणारच. मेला तर चूक त्याची, मशीनची नाही.

तर्रीपोहे
काहून भाऊ, एवढं कौतुक? तुमचा मुस्तफा, म्हणजे १९९३ चा मारामारीचा गेम कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, मेल्यावर काय करत होता? नऊ, आठ, सात... उलटी गिनती! तेवढ्यात मी काउंटरवर धावायचो, एका हातानं चड्डी सावरत, दुसऱ्या हातात पोह्यांसाठी दिलेले पैसे. मले सांगा, घड्याळ आधी कोणी आणलं? मशीनचं पोटच नाण्यांवर भरायचं. एका टोकनात शेवटचा बॉस मारणारा मी तरी पाहिला नाही. काकूंचा अंगठा आन् माझी चड्डी, एकच गोष्ट.

महालचा_मुस्तफा
एकच कशी? आमच्या पार्लरचं शटर रात्री खाली यायचं. खिसा रिकामा झाला की मागं उभं राहून दुसऱ्याला "अबे बाजूला हो, दगड फेक" सांगायचं, त्यातही मजा होती. फोनला ना शटर, ना मागं उभं राहणारं कोणी.

धरमपेठची_कोडवाली
दोघंही पैशावरच अडकलात. फ्लॅपी बर्ड (२०१३) मध्ये जिवांचा हिशोब नव्हता, वाट पाहणं नव्हतं, विकायलाही काही नव्हतं. एक पक्षी, हिरवे पाईप, एक बोट. आपटलात की क्षणात पुन्हा सुरू. तरी लोक इतके गुंतले की बनवणाऱ्या डाँग न्गुयेन यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये तो स्वतःच काढून टाकला. "थोडक्यात हुकलं, आता जमेल" हे वाटणं पुरतं. बाकीची दुकानदारी त्याच्यावर मागून चढवलेली.

स्पेस इन्व्हेडर्सचंही (१९७८, वरून उतरणाऱ्या शत्रूंवर गोळ्या झाडायचा गेम) तसंच. शत्रू कमी होत गेले की उरलेले जोरात धावतात, कारण चिपला कमी चित्रं काढावी लागायची. तोमोहिरो निशिकादोंनी ते दुरुस्त केलं नाही, मुद्दाम राहू दिलं. सगळ्यात भारी युक्ती सापडली ती अशी!

दहावीची_आई
"थोडक्यात हुकलं" वगैरे ठीक आहे गं, पण माझ्या घरातलं ऐक. मुलाला १०२ ताप. मी कपाळावर पट्टी ठेवतेय आणि हा अर्धवट डोळ्यांनी फोन शोधतोय. गेममध्ये रोजचं बक्षीस असतं म्हणे, एक दिवस चुकला की पहिल्यापासून मोजणी. याचा एकोणतिसावा दिवस. फोन दिला, त्यानं एक बटण दाबलं आणि झोपला. एक डावही खेळला नाही! खेळायचं नव्हतंच त्याला, फक्त हजेरी लावायची होती. शाळेसाठी कधी असा उठला नाही.

तर्रीपोहे
ताई, हे मात्र मले मान्य. मुस्तफानं मले घरी बोलवायला कधी माणूस धाडला नाही. 😅 पण नाण्याचं माझं म्हणणं कायम.

धरमपेठची_कोडवाली
ताई, ती हजेरी म्हणजे खेळ नाहीच, मलाही पटतं. नोटिफिकेशन बंद करून बघा, निदान बोलावणं तरी थांबेल. आणि मुस्तफाभाऊ, त्या काकूंचं पुढं काय झालं?

महालचा_मुस्तफा
झाशी राणी चौक आलं तेव्हा फोन पर्समध्ये टाकला. मला वाटलं, जिंकलो. बर्डीला सरकत्या जिन्यावर परत काढला.