कमी कोलेस्टेरॉलवाले लवकर जातात? बाबांना समजवायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबा 74 वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला, तेव्हापासून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, चालू होतं. गेल्या आठवड्यात त्यांनी गोळी परस्पर बंद केली. कारण, मोबाइलवर आलेला एक मेसेज: साठीपुढे ज्यांचं एलडीएल (ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते) जास्त, तेच जास्त जगतात.

थोतांड असणार म्हणून मी शोधायला बसले आणि अडकले. 2016 साली 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात खरंच असा आढावा आला होता. 19 अभ्यास, 68,094 माणसं. पण कॅन्सर, यकृताचे आजार, म्हातारपणी खंगत जाणं, या सगळ्यांत कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं आणि अशी माणसं लवकर जातात. म्हणजे कमी कोलेस्टेरॉल ही आजाराची खूण असू शकते, मरणाचं कारण नव्हे. शिवाय जे पन्नाशीतच अटॅकने गेले, ते साठीपुढच्या मोजणीत येणार कुठून?

हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आणि तुझे गोळीवाले तरी सरळ आकडे सांगतात का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. 1994 ची 'फोर एस' चाचणी बघा, हृदयविकार असलेल्यांवरचीच. मृत्यूचा धोका 30 टक्क्यांनी घटला, असं सांगतात. प्रत्यक्षात सिम्वास्टॅटिन (स्टॅटिनचाच एक प्रकार) घेणाऱ्या 2221 पैकी 182 गेले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या 2223 पैकी 256. साधारण साडेपाच वर्षांत शंभरात साडेअकराच्या जागी आठ. 30 टक्के ऐकलं की शंभरातले तीस वाचले असं वाटतं, वाचतात तीनेक. बाबा म्हणतात, एवढ्यासाठी रोज गोळी? मला ते तीन थोडे वाटत नाहीत. त्यांतले एक बाबा असू शकतात.

आता अडचण अशी की त्या चाचणीत 35 ते 70 वयाचे लोक होते. अटॅक येऊन गेलेल्या, सत्तरीपुढच्या माणसांसाठी शंभरात किती हा हिशोब कुठे मिळेल? आणि आजारामुळे कोलेस्टेरॉल उतरतं ही उलटी बाजू गणित न मांडता पटवून देता येईल, असं एखादं साधं उदाहरण आहे का कुणाकडे? वाद घालून उपयोग नाही, ते आणखी हट्टाला पेटतात.

गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. गोळी मी रोज ताटाशेजारी ठेवते, ती तशीच राहते. तिथे नेमकं काय विचारावं, तेही सांगा.