आरोप असलेल्या खेळाडूला संघात घ्यावे काय? तातडीने मत हवे आहे

मैदानाकाठ
डिचोली तालुक्यातील आमच्या फुटबॉल क्लबला आघाडीचा खेळाडू हवा आहे. जो मिळत आहे, त्याच्यावर गंभीर गैरवर्तनाचा आरोप आहे. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व आम्हाला पुरेसे आहे काय? कार्यकारिणीची बैठक रविवारी आहे, तेव्हा कृपया स्पष्ट उत्तर द्यावे.

जुना बचावपटू
गैरवर्तन म्हणजे नेमके काय? पंचाला धक्काबुक्की, सामनानिश्चिती की आणखी काही? पोलिसांत तक्रार आहे की केवळ गावात चर्चा?

कायदाप्रेमी
तत्त्व पुरेसे आहे. नेपाळचा क्रिकेटपटू संदीप लामिछाने याला जानेवारी २०२४ मध्ये बलात्काराच्या खटल्यात ८ वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. आपण न्यायाधीश होऊ नये.

जुना बचावपटू
साहेब, न्यायालय तुरुंगाचा निर्णय करते, संघात घेण्याचा नव्हे. क्रिकेटपटू श्रीशांतला २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने स्पॉट फिक्सिंगच्या खटल्यात आरोपमुक्त केले, तरी क्रिकेट मंडळाची बंदी उठली नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आजन्म बंदी तेवढी रद्द केली, शिस्तभंगाचा दोष कायम ठेवला.

नोंदणीवाला
आधीच्या क्लबचे ना हरकत पत्र घेतले काय? ते नसल्यास पुढची चर्चाच व्यर्थ आहे.

मैदानाकाठ
पत्र आहे. एका अल्पवयीन मुलीच्या पालकांनी पोलिसांत तक्रार केली असून तपास चालू आहे. आमच्या १५ वर्षांखालील मुलींचा संघ त्याच मैदानावर सराव करतो आणि हा खेळाडू त्यांना शिकवण्यासही तयार आहे.

पहाटेचा सराव
हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते! मी स्वतः मुलींना घेऊन पहाटे मैदानावर जाते. आईवडील त्यांना पाठवतात ते क्लबच्या शब्दावर विसंबून. स्कॉटलंडमधील रेथ रोव्हर्स या फुटबॉल क्लबने २०२२ मध्ये डेव्हिड गुडविली या खेळाडूला घेतले, ज्याला दिवाणी न्यायालयाने २०१७ मध्ये बलात्काराबद्दल जबाबदार धरले होते. महिला संघाच्या कर्णधाराने तत्काळ क्लब सोडला आणि काही दिवसांतच क्लबला माघार घ्यावी लागली.

कायदाप्रेमी
तिथे न्यायालयाचा निष्कर्ष होता. इथे केवळ तक्रार आहे.

पहाटेचा सराव
मान्य, म्हणून त्याला गुन्हेगार कोणीही म्हणू नये. परंतु तपास संपेपर्यंत त्याला मुलींच्या मैदानावर न आणणे ही शिक्षा नव्हे. आणखी एक विनंती: तक्रारदार मुलीचे नाव, गाव किंवा शाळा बैठकीत अथवा व्हॉट्सअ‍ॅपवर निघू देऊ नका.

मैदानाकाठ
बैठकीला मुलींच्या पालकांपैकी दोघींना बोलावत आहे. त्यांचे म्हणणे ऐकल्याखेरीज सही होणार नाही आणि शिकवण्याचा प्रस्ताव मी आजच मागे घेतो.