मर्फीच्या व्हॉल्व्ह रेडिओला डायलची काचच नाहीये, नवी कशी करायची?

बँडस्विच_सांगली
नमस्कार मंडळी. जुन्या बाजारातून एक मर्फी उचललाय, लाकडी कॅबिनेट, चार बँड, आत ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४ आणि ईझेड८० हे व्हॉल्व्ह (काचेच्या जुन्या नळ्या), म्हणजे नेहमीचाच संसार. पेपर कंडेन्सर आणि फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक बदलले, आता मीडियम वेव्ह झकास वाजतंय, शॉर्ट वेव्हला पण जीव आहे. अडचण एकच, डायलची काच नाही. तडा गेलाय वगैरे नाही हो, मुळात नाहीच. नुसता काटा मोकळ्या पत्र्यावर इकडून तिकडे फिरतोय आणि आपण कुठल्या स्टेशनवर आहोत ते रामालाच ठाऊक. मागचा पुठ्ठा पण गायब त्यामुळे मॉडेल नंबरचा पत्ता नाही. आमच्याकडचा फ्लेक्सवाला म्हणतो व्हिनाइलवर छापून देतो, पण ते बॅनर कापून चिकटवल्यासारखं दिसेल असं वाटतंय. कुणी आधी केलंय का असं काम? तयार काच कुठे मिळते का?

नाना_ठाणेकर
तयार काच मिळणं जवळपास विसरा. चोरबाजारात कधीमधी सुटी काच दिसते पण ती तुमच्याच मॉडेलची निघाली तर त्या दिवशी लॉटरीचं तिकीट पण काढा. आधी मॉडेल ओळखा. चासी (आतला, सगळे पार्ट बसवलेला पत्र्याचा सांगाडा) मोकळी करून वरून, खालून, समोरून असे फोटो काढा, त्यात डायलचा ड्रम, दोऱ्याच्या पुल्या आणि काच धरणाऱ्या क्लिपा स्पष्ट दिसल्या पाहिजेत, मग रेडिओम्युझियमच्या साइटवर मर्फी इंडियाचे सेट एकेक करून चाळत बसा. कॅबिनेटवर भरवसा ठेवू नका, एकाच कॅबिनेटमध्ये दोन वेगळ्या चासी आलेल्या असतात आणि मधल्या काळात कुठल्या मेकॅनिकने काय कशात बसवलं असेल सांगता येत नाही.

मॉडेल कळलं की तोच सेट असलेला माणूस शोधायचा आणि त्याच्याकडून फोटो नाही, स्कॅन मागायचा. मोबाइलच्या फोटोत कडा वाकतात, मधे स्केल बरोबर आणि टोकाला दोन-तीन मिलिमीटरची गडबड. फ्लॅटबेड स्कॅनरवर काच छापील बाजू खाली करून ठेवायची. छपाई काचेच्या मागच्या बाजूला असते, त्यामुळे स्कॅन उलटा येईल, तो नंतर कॉम्प्युटरवर फिरवता येतो. छापील बाजू वर ठेवून स्कॅन केलं तर स्वस्त पातळ स्कॅनरमध्ये अक्षरं धूसर येतात कारण मधे काचेची जाडी येते. ६०० डीपीआय पुरे. ए४ स्कॅनरवर लांब काच मावणार नाही, दोन तुकड्यात स्कॅन करून जोडायची, मधे बऱ्यापैकी भाग सामाईक ठेवायचा. आणि शेजारी एक स्टीलची पट्टी ठेवायची म्हणजे माप पक्कं कळतं.

ज्याच्याकडून स्कॅन घ्याल त्याला हात जोडून सांगा की काच मागून पुसू नको. कॉलिन, स्पिरिट, थिनर काही नाही, ओला कपडा पण नाही. जुनी शाई काचेवर नुसती बसलेली असते, पुसली की अख्खं शॉर्ट वेव्ह फडक्यावर येतं. माझ्याकडे रिपेअरला आलेल्या एका सेटचं मालकाने दिवाळीच्या साफसफाईत असंच केलं होतं, नुसता मीडियम वेव्हचा अर्धा पट्टा शिल्लक.

शाईवाला_पुणे
माझा स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा आहे (आता निम्मा बंदच), रेडिओ हा नाद. छपाईचं मी सांगतो.

स्कॅन मिळाला तरी तो तसाच छापायचा नाही, कडा फाटलेल्या येतात. इंकस्केप किंवा कोरल या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली ठेवून वरून सगळं नव्याने काढायचं, रेघा, आकडे, नावं सगळं. रेघांचं काम पटकन होतं, वेळ अक्षरांत जातो. त्या काळची अक्षरं हाताने काढलेली असायची त्यामुळे तंतोतंत फाँट मिळणार नाही, जवळचा घेऊन त्याची वळणं थोडी ओढावी लागतात.

आता छापायचं कशावर हे तुमची डायल कुठल्या जातीची त्यावर ठरतं. काळी पार्श्वभूमी आणि मागून दिवा लागल्यावर उजळणारी अक्षरं असतील तर नशीबवान आहात, डीटीपीवाल्याकडून लेझरवर पारदर्शक फिल्म काढा, काळा भाग काळा आणि अक्षरं मोकळी. एका फिल्ममधून दिवा झिरपतो, बारीक भोकं दिसतात, म्हणून दोन फिल्म एकावर एक तंतोतंत जुळवून काचेच्या मागे लावायच्या. साध्या इंकजेटची फिल्म नको, दिव्याच्या उजेडाने उडते.

पण बऱ्याच डायल म्हणजे साफ काच, त्यावर पांढरी, पिवळसर किंवा सोनेरी अक्षरं, मागे रंगवलेला पत्रा. इथे लेझर फिल्म बाद, कारण साध्या प्रिंटरला पांढरी शाईच नसते, पिवळा छापला तर तो नुसता पिवळ्या पाण्यासारखा दिसतो, मागचा पत्रा आरपार. यावर आजचा सोपा इलाज म्हणजे यूव्ही प्रिंटर. मोबाइल कव्हर, ट्रॉफ्या, नेमप्लेट छापणाऱ्यांकडे असतो, ए३ बेडचा, त्यात पांढरी शाई असते आणि तो थेट काचेवर छापतो. त्याला तीन गोष्टी ठासून सांगा. फाइल मिरर करायची. आधी रंग आणि त्यावर पांढरा थर, कारण आपण बघणार काचेच्या पुढून (हे लोक सवयीने आधी पांढरा मारतात आणि मग पुढून सगळं पांढरंफटक दिसतं). आणि काचेला प्रायमर लावल्याशिवाय छापू नका, नाहीतर नखाने पापुद्रे निघतील.

स्क्रीनने केलं तर अस्सल तेच दिसतं, पण प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम, काचेची दोन भागांची शाई, दोन रंगांचं जुळवणं, हा सगळा उपद्व्याप एका काचेसाठी कुणी हातात घेत नाही. तुमच्यासारखे चार-पाच जण एकाच मॉडेलचे जमले तर बोला.

काच फोटोफ्रेमवाल्याकडची २ मिलिमीटरची घ्या, पण आधी क्लिपांच्या रबरात किती जाडी बसते ते मोजा. पुठ्ठ्याचा साचा कापून चासीवर बसवून बघायचा आणि तोच काचवाल्याला द्यायचा. टफन्ड काच नको, ती नंतर कापता येत नाही. ॲक्रिलिकवर पुसताना चरे पडतात आणि दिव्याच्या जवळ असेल तर वाकतं पण.

बँडस्विच_सांगली
वा, बरंच कळलं. नाना, साइट चाळली, दोन सेट जवळपास वाटतात पण ड्रम जुळत नाही, आणि स्कॅन देणारं कुणी सापडेना. मग मीडियम वेव्हला अंदाजाने ५५० ते १६०० किलोहर्ट्झ सारख्या अंतरावर आकडे मांडून चालेल का?

खरखर
अजिबात नाही!! गँगच्या (स्टेशन बदलताना फिरणाऱ्या ट्यूनिंग कंडेन्सरच्या) पात्यांचा आकार असा असतो की फ्रिक्वेन्सी सारख्या अंतराने वाढत नाही, समान भाग पाडलेत तर दोन टोकं सोडून मधलं एकही स्टेशन जागेवर येणार नाही.

हे असं बघा, स्कॅन हातात असेल तर रेडिओ डायलला जुळवायचा, म्हणजे ६०० ला पॅडर किंवा कॉइलचा कोअर आणि १४०० च्या आसपास ट्रिमर (पॅडर आणि ट्रिमर म्हणजे बारीक जुळवणीचे छोटे कंडेन्सर) फिरवून काटा छापलेल्या आकड्यावर आणायचा. स्कॅन नसेल तर उलटं, डायल रेडिओला जुळवायची. त्यासाठी आधी रेडिओ पक्का पाहिजे. आयएफटी (आतल्या ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीचे ट्रान्सफॉर्मर) ४५५ किलोहर्ट्झला (तुमच्या सेटला जे असेल त्याला) ट्यून करून घ्या, डायलचा दोरा नवा टाका, सैल दोऱ्यावर घेतलेलं माप फुकट आहे. गँगची पाती पूर्ण आत असताना काटा कमी फ्रिक्वेन्सीच्या टोकाला आणि पूर्ण बाहेर असताना दुसऱ्या टोकाला थांबतो ना ते बघा, ट्रिमर-पॅडर लावून मीडियम वेव्ह साधारण ५३० ते १६०० मधे बसवा आणि मग ट्रिमरला हात लावायचा नाही.

आता काट्यामागे कागदाची पांढरी पट्टी चिकटवा. सिग्नल जनरेटर असेल तर दर ५० किलोहर्ट्झला पेन्सिलने खूण. नसेल तर एक डिजिटल आकड्यांचा पोर्टेबल रेडिओ शेजारी ठेवा. तुमच्या मर्फीचा ऑसिलेटर (आत स्वतःची फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) लावलेल्या स्टेशनपेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो, म्हणजे पोर्टेबल १०५५ ला लावून मर्फीचा काटा फिरवत गेलात की एका जागी पोर्टेबलची खरखर एकदम दबते, तिथे मर्फीचे ६०० आले. असं ११५० पर्यंत जाता येतं, पुढे ऑसिलेटर मीडियम वेव्हच्या बाहेर जातो, तिथे एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) वापरा किंवा रात्री ओळखीची स्टेशनं पकडून खुणा करा. पुण्याचं ७९२, मुंबईचं १०४४, ऐकू येत असतील तर पडताळ्याला चांगली.

शॉर्ट वेव्हला सांभाळून. जनरेटर १० मेगाहर्ट्झला लावला तर आवाज डायलवर दोन जागी येतो, एकदा १० ला आणि एकदा त्याच्या ९१० किलोहर्ट्झ खाली, कारण तिथे ऑसिलेटर सिग्नलच्या ४५५ किलोहर्ट्झ खाली असतो. दोन्हीपैकी पाती जास्त बाहेर आलेली असताना येतो तो खरा. हे न बघता खुणा केल्या तर अख्खा ३१ मीटरचा बँड भलतीकडे छापला जाईल.

पट्टी काढून स्कॅन करा, त्यावरून रेघा. मीटरचे आकडे पण हवे असतील तर ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागा, ६०० म्हणजे ५०० मीटर, १५०० म्हणजे २०० मीटर.

जुनंतेसोनं
एवढं कशाला? नेटवरून कुठल्याही मर्फीच्या डायलचा फोटो घ्यायचा, साइज ताणून छापायचा. शोकेसमधे ठेवायचा आहे ना, कोण बघतंय स्टेशन लागतंय का.

नाना_ठाणेकर
शोकेससाठी चालेल हो, पण या भल्या माणसाने सेट वाजता केलाय. आणि असे ताणलेले फोटो लावलेले सेट पुढे ओरिजिनल म्हणून विकले जातात, मग आमच्यासारखे ते बघून डोकं खाजवतात की हे कुठलं मॉडेल. कुठलीही नवी काच केली तरी फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या कडेला बारीक अक्षरात 'नवी काच' आणि साल छापावं असं माझं मत आहे. रुचलं तर घ्या.

बँडस्विच_सांगली
खरखर, पोर्टेबलची युक्ती चालली राव! मीडियम वेव्हच्या खालच्या अर्ध्या खुणा झाल्या. नाना, साल टाकतो, पटलं. आता नावांचं काय करू, मुंबई, चेन्नई, विविध भारती असं टाकू का?

शाईवाला_पुणे
मुंबई हे अधिकृत नाव १९९५ चं आणि चेन्नई १९९६ चं, तुमच्या सेटच्या काळात बॉम्बे आणि मद्रासच. विविध भारती ऑक्टोबर १९५७ ला सुरू झालं, सेट त्यानंतरचा आहे याची खात्री असेल तरच टाका. ईएल८४ वगैरे आहेत म्हणजे ५० च्या दशकाच्या मधला किंवा पुढचा धरायला हरकत नाही, पण नेमकं साल त्यावरून नाही कळत. कंडेन्सरवर कधीकधी तारखेचे शिक्के असतात, तुम्ही काढलेले जुने फेकले नसाल तर बघा. शंका असेल तर नावं कमी ठेवा आणि आकडे, मीटर बँड एवढंच छापा. रेडिओ सिलोन मात्र हवंच, त्याशिवाय २५ मीटरच्या बँडला अर्थ नाही.

आणि थेट काचेवर जाऊ नका. आधी साध्या कागदावर छापून काट्यामागे लावून बघा. प्रिंटच्या खिडकीत 'फिट टू पेज' बंद करा आणि फाइलमधे १०० मिलिमीटरची एक रेघ टाका, छापल्यावर पट्टीने मोजा. ९७ भरली तर सगळी मेहनत तीन टक्क्यांनी आखडली समजा. फाइल झाली की इथे टाका, यूव्हीवाल्याला द्यायच्या आधी मी नजर घालतो.