व्हॉल्व्ह गिटार ॲम्प घरी वापरायचाय (बडोदे): कुठली काळजी खरी, कुठली नुसती ऐकीव?

मांडवीची_तार
नमस्कार मंडळी. २२ वॉटचा, दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह (काचेच्या ट्यूब) असलेला अमेरिकन कॉम्बो ॲम्प, म्हणजे स्पीकर आतच असलेला, घेतोय. पाठीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलंय. घर दांडिया बाजारातलं जुनं, वायरिंगही जुनंच. जो भेटतो तो वेगळंच सांगतो. हम (घुंघुं आवाज) आला की प्लगची अर्थची पिन काढून टाक. प्लग उपसला की आत हात घालायला हरकत नाही. पायात रबरी चप्पल असली की करंट लागत नाही. आरसीसीबी (करंट गळाला की मेन पाडणारा स्विच) बसवला की मग चिंताच नको. व्हॉल्व्हला उघडा हात लावू नको, निळा प्रकाश दिसला तर तो गेला समज. आणि स्टँडबाय (आधी व्हॉल्व्ह तापू देऊन मोठं व्होल्टेज नंतर सोडणारा स्विच) न वापरता चालू केलास तर व्हॉल्व्ह मरतात. यातलं खरं काय? २३० चे १२० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर कुठला घेऊ?

सोल्डरचा_धूर
आधी अर्थिंग, बाकी सगळं नंतर. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या शील्डमधून थेट ॲम्पच्या चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. आत कुठे फेज सुटून चॅसिसला लागली, तर अर्थ असेल तेव्हा फ्यूज उडतो. पिन काढलेली असेल तर तेच २३० व्होल्ट तुमच्या बोटांखालच्या तारांवर येतात. हम बहुतेक वेळा ग्राउंड लूपचा (अर्थ दोन वाटांनी जोडला गेल्याने होणाऱ्या वेटोळ्याचा) असतो. ॲम्प आणि पेडल एकाच पॉइंटवर घ्या. दोन ॲम्प किंवा मिक्सर जोडायचा असेल तर सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. मेनच्या अर्थला कधीच हात लावायचा नाही.

जुन्या घरात तिसऱ्या भोकात वायर असेलच असं नाही. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर वरचं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. मल्टिमीटर एसीवर ठेवून मोजा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे साधारण सारखाच आकडा हवा, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. फेज-अर्थला ८०-१२० असं काहीतरी तरंगतं दिसलं तर अर्थ नाहीच. आणखी एक वाईट प्रकार असतो. सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकाच तुकड्याने जोडून ठेवलेले. मीटर मग सगळं छान दाखवतो, पण न्यूट्रल तुटला की चॅसिसवर फेज येते. शेजारच्या पॉइंटवर १००० वॉटची इस्त्री लावून न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजा. लोडबरोबर आकडा थोडा वर सरकायला हवा, शून्यालाच चिकटून राहिला तर वायरमनकडून मेन बंद करून सॉकेट उघडवा.

टेस्टरचा दिवा लागला-न लागला यावर अर्थिंग ठरवू नका, त्यातून ते कळत नाही.

स्टेपडाउन घेताना दोन वाइंडिंग वेगळी असलेलाच मागा. ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त आणि हलका असतो, पण त्याची सामाईक तार तुटली तर आउटपुटला २३० पोचू शकतात. ॲम्पच्या पाठीवर वॉट लिहिलेले असतात, त्याच्या दीडपट ते दुप्पट व्हीए घ्या. आणि अर्थ इकडच्या थ्री पिनपासून तिकडच्या सॉकेटपर्यंत सलग आहे का, ते मीटरने तपासून घ्या. बाजारातले बरेच स्टेपडाउन इथेच मार खातात, आउटपुटला नुसती दोन चपटी भोकं.

हे विसरू नका, स्टेपडाउन व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. ६० हर्ट्झसाठी केलेल्या ट्रान्सफॉर्मरला आपल्या ५० वर चालवलं की कोअरमधला फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो आणि तो तापतो. म्हणून ११० व्होल्टचा टॅप (आउटपुटचं वेगळं टोक) असलेला स्टेपडाउन घ्या. फिलॅमेंटला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्टऐवजी ५.८ च्या आसपास मिळतात, ते दहा टक्क्यांच्या आत बसतं, आणि लाइन कधी २४५ ला गेली तरी ॲम्पला ११७ च जातात. फ्यूज आहे त्याच आकड्याचा ठेवा. पुढेमागे ट्रान्सफॉर्मर बदलून ॲम्प थेट २३० वर केलात, तर मेन फ्यूज साधारण अर्ध्यावर आणावा लागतो.

कंडेन्सर_ताई
प्लग काढल्यावरच्या व्होल्टेजचं मी सांगते. तुमच्या ॲम्पमध्ये एचटी (व्हॉल्व्हला लागणारं मोठं डीसी व्होल्टेज) ४०० व्होल्टच्या आसपास असेल आणि ते फिल्टर कंडेन्सरमध्ये साठलेलं असतं. ४७ मायक्रोफॅरडला ४५० व्होल्ट म्हणजे जवळपास पाच जूल, एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाले तर वाट छातीतून जाते. चप्पल इथे काहीच करत नाही, कारण वाट पायातून नाहीच. ५ वॉटच्या छोट्या ॲम्पमध्येही ३०० च्या पुढे असतात, तेव्हा "लहान आहे" हेही कारण नको. आरसीसीबी फक्त मेनची गळती ओळखतो. एचटीचं वाइंडिंग वेगळं असल्यामुळे आतला शॉक त्याला दिसतच नाही.

ॲम्प बंद करताना स्टँडबाय "प्ले"वरच राहू द्या आणि मेन स्विच बंद करा. गरम व्हॉल्व्ह बराचसा चार्ज ओढून घेतात. उलट आधी स्टँडबाय पाडलात तर त्याच्या अलीकडचा पहिला कंडेन्सर भरलेलाच राहू शकतो, मग कितीही कॉर्ड वाजवा. हा नुसता पहिला टप्पा आहे, यावर विसंबून आत हात घालायचा नाही.

१० किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या. दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायर आणि क्रोकोडाइल क्लिप लावून वर स्लीव्ह चढवा. प्लग बाहेर. आधी एक क्लिप चॅसिसला, मग दुसरी एका हाताने (दुसरा हात पाठीमागे) पहिल्या कंडेन्सरच्या पॉझिटिव्हला. १०० मायक्रोफॅरडला यातून टाइम कॉन्स्टंट एक सेकंद, पाच सेकंदांत एक टक्क्याच्या खाली येतं. तरी पंधरा सेकंद ठेवा. मग मीटर १००० व्होल्ट डीसीवर घेऊन प्रत्येक कंडेन्सर वेगळा मोजा, पुढचे कंडेन्सर ड्रॉपिंग रेझिस्टरच्या पलीकडे असतात आणि सावकाश उतरतात. काम संपेपर्यंत क्लिप लावलेलीच राहू द्या, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर थोडं व्होल्टेज आपोआप परत चढतं.

स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट मारण्याची पद्धत सोडून द्या. ठिणगी डोळ्यांसमोर उडते आणि कंडेन्सरवरही ताण येतो.

सोल्डरचा_धूर
ताईंशी सहमत. यापेक्षा जास्त नुकसान करणारी एक गोष्ट तुमच्या यादीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. स्पीकर काढून ॲम्प चालू करू नका. ट्रान्झिस्टर ॲम्पला स्पीकर नसेल तर काही होत नाही, त्याला शॉर्ट मारतो. व्हॉल्व्ह ॲम्पचं नेमकं उलट आहे. लोड नसताना सिग्नल दिला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं, व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये आर्क होतो, वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटतं. नवीन ट्रान्सफॉर्मर म्हणजे मोठा खर्च. गिटारची केबल स्पीकरला लावू नका, तिची मधली तार बारीक असते. स्पीकर ८ ओहमचा असेल तर आउटपुटही ८ च हवा, ८ चे दोन समांतर जोडले की ४ होतात.

ईएल_चौऱ्याऐंशी
राहिलेलं थोडक्यात. उघड्या हाताने धरू नये हा नियम हॅलोजन बल्बचा आहे, व्हॉल्व्हला तो लागू नाही. फक्त थंड होऊ द्या, नाहीतर बोट भाजतं. काचेच्या आतल्या बाजूला निळी झाक असणं ठीक. प्लेट (काचेच्या आतला पत्रा) लालबुंद होत असेल तर ताबडतोब बंद करा, बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा ते ठरवणारं सेटिंग) गेलाय. वरची चंदेरी झाक दुधासारखी पांढरी झाली तर हवा शिरलीय, व्हॉल्व्ह मेला. १२एएक्स७ ला (छोट्या प्रीॲम्प व्हॉल्व्हला) बायस करावा लागत नाही.

स्टँडबायवाचून व्हॉल्व्ह मरत नाहीत, रिसीव्हिंग व्हॉल्व्हला (रेडिओ-ॲम्पमधल्या अशा छोट्या व्हॉल्व्हला) एवढ्या व्होल्टेजवर त्याने काही होत नाही. उलट तासन्‌तास स्टँडबायवर गरम ठेवले तर कॅथोड (व्हॉल्व्हमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) खराब होतो. मध्यंतर मोठं असेल तर सरळ बंद करा.

मांडवीची_तार
खूप आभार. ताई, रेझिस्टर आजच शोधतो. दोनच गोष्टी उरल्या. गणपतीत मंडपात जनरेटरवर वाजवायचं ठरतंय. आणि लाइट गेली की घरच्या इन्व्हर्टरवर चालेल का?

कंडेन्सर_ताई
मंडपात पीए (माइक आणि मोठ्या स्पीकरची यंत्रणा) वेगळ्या लाइनवर असतो आणि जनरेटरचं अर्थिंग बरेचदा झालेलंच नसतं. वाजवायच्या आधी मीटर एसीवर ठेवून एक प्रोब तारांना, दुसरा माइकच्या जाळीला. एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त आले तर ओठ माइकजवळ नेऊ नका, जनरेटरवाल्याला खड्डा करून अर्थ रॉड ठोकायला लावा आणि पुन्हा मोजा. फोमची टोपी हा उपाय नव्हे.

इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हचा २३० चा पीक २३० च असतो, साइनचा ३२५. कंडेन्सर पीकला भरतात, त्यामुळे एचटी जवळपास तीस टक्क्यांनी पडतं, फिलॅमेंटला मात्र बरोबर मिळतं. ॲम्प चालतो, पण गुणगुणतो आणि आवाज दबतो. एक मीटर डीसीवर लावून एचटी पाहिलंत की लगेच कळेल.