एको (हृदयाची सोनोग्राफी) शिकवताना आधी सिम्युलेटर (सरावाचा पुतळा), की थेट पेशंट?

आयसीयूवाला:
रेसिडेंटने (शिकाऊ डॉक्टरने) पेशंटच्या छातीवर प्रोब (हातात धरायचा सोनोग्राफीचा भाग) टेकवण्याआधी सिम्युलेटरवर मूळ व्ह्यू बिनचूक काढून दाखवलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. लाँग ॲक्सिसवरून (हृदयाच्या उभ्या छेदावरून) शॉर्ट ॲक्सिसला (आडव्या छेदाला) जाणंच घ्या. बरगड्यांच्या डाव्या तिसऱ्या-चौथ्या फटीत प्रोब, प्रोबवरची खूण उजव्या खांद्याकडे. तिथल्या तिथे घड्याळाच्या दिशेने 90 अंश फिरवला की खूण डाव्या खांद्याकडे येते. सांगायला सोपं. नवशिक्याचा हात मात्र फिरवता फिरवता घसरतो किंवा कलतो, आणि गोल दिसायला हवा तो डावा कप्पा लांबट दिसतो. सिम्युलेटर शेजारीच त्रिमितीय हृदय आणि त्यातून जाणारा छेद दाखवतो, त्यामुळे चूक कुठे झाली ते लगेच कळतं. हे धडे धाप लागलेल्या माणसाला अर्धा तास डाव्या कुशीवर झोपवून का गिरवायचे?

एकोरूम:
साफ असहमत. पुतळ्याचं फुप्फुस मध्ये येत नाही. सीओपीडीच्या (जुनाट दम्यासारख्या फुप्फुसाच्या आजाराच्या) पेशंटचं फुगलेलं फुप्फुस पॅरास्टर्नल विंडो (छातीच्या मधल्या हाडाशेजारची, हृदय दिसण्याची जागा) झाकून टाकतं. मग उताणं झोपवून, गुडघे दुमडायला लावून, श्वास आत घेऊन धरायला सांगून सबकॉस्टलवर (बरगड्यांखालून घेतलेल्या व्ह्यूवर) काम भागवावं लागतं. जाड पेशंटला किती दाबायचं, बरगडीची सावली आली तर किती मिलिमीटर सरकायचं, हे रबरावर कळत नाही. नुसत्या सिम्युलेटरवर तयार झालेली मुलं पहिल्याच अवघड छातीवर अडतात आणि गेन (चित्राचा उजळपणा) वाढवत सुटतात. पडदा पांढरा होतो, झडपा तरीही दिसत नाहीत.

आयसीयूवाला:
अवघड छातीचं मान्य. पण फोरशॉर्टनिंगचं (छेद हृदयाच्या टोकातून न गेल्याने कप्पा आखूड दिसण्याचं) काय? ॲपिकल व्ह्यू (हृदयाच्या टोकाकडून घेतलेला) एक फट वरून घेतला की डावा कप्पा आखूड, गुबगुबीत दिसतो, ईएफ (दर ठोक्याला कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण) असते त्याहून चांगली भासते, आणि अँटिरिअर एमआयनंतर (हृदयाच्या पुढच्या भिंतीच्या हार्ट अटॅकनंतर) टोकाशी धरलेली गुठळी नजरेतून सुटते. पेशंटवर हे चित्र छान दिसतं, धोका तोच आहे. सिम्युलेटरवर छेद टोकाला चुकवून जाताना समोर दिसतो.

भूल_ओटी:
टीईईचा (अन्ननलिकेत प्रोब घालून केलेल्या एकोचा) विचार वेगळा करा. सरावासाठी कुणाची अन्ननलिका मिळत नाही. चार कप्पे 0 ते 20 अंशांवर, बायकॅव्हल (दोन्ही महाशिरांचा व्ह्यू) 90 ते 110, ॲऑर्टिक झडपेचा लाँग ॲक्सिस 120 ते 140: हे कोन पुतळ्यावरच बोटांत बसले पाहिजेत. एक गोष्ट मात्र पुतळा शिकवत नाही. टोक वाकलेलं आणि लॉक केलेलं असताना प्रोब ओढला तर खरी अन्ननलिका फाटू शकते. पुतळ्याला काहीच होत नाही, आणि हाताला तीच सवय लागते. म्हणून प्रोब हलवण्याआधी 'लॉक सोडला, टोक सरळ' हे दर वेळी मोठ्याने म्हणायला लावा.

एकोरूम:
टीईईचं पटलं, मॅडम. डॉपलरबाबत (रक्ताचा वेग मोजण्याबाबत) मी हटणार नाही. ॲऑर्टिक स्टेनोसिसचा (अरुंद झालेल्या ॲऑर्टिक झडपेतून येणारा) झोत सेकंदाला 4 मीटर आहे आणि किरण 30 अंश तिरका पडला, तर मशीन 3.5च्या आसपास दाखवतं. पीक ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) 64 ऐवजी 48. सिव्हिअरचा मॉडरेट झाला, झडप बदलणं लांबलं. असा झोत गाठायला ॲपिकलवर समाधान न मानता पेशंटला उजव्या कुशीवर वळवून उजव्या पॅरास्टर्नलला पेन्सिल प्रोब (चित्र न दाखवणारा, फक्त वेग मोजणारा बारीक प्रोब) लावावा लागतो, आणि कानाने आवाजाचा सूर ऐकत किंचित किंचित कोन बदलावा लागतो. ही चिकाटी खऱ्या छातीवरच येते.

जिल्हा_मेडिसिन:
व्यवहाराचं एक सांगतो. खरं मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानबंदी) कायद्याखाली नोंदलेल्या जागेतच वापरायचं. ते उचलून लायब्ररीत नेता येत नाही. पुतळा ध्वनिलहरी सोडत नाही, तो रात्रीही सरावाला मोकळा ठेवता येतो. फक्त खोलीची किल्ली एकाच माणसाकडे नको.

एकोरूम:
ठेवा की मोकळा. पण तास मोजून प्रमाणपत्र देऊ नका. परीक्षा खऱ्या पेशंटवर घ्या, त्यात एक तरी खराब विंडोचा असू द्या, आणि 'ॲपेक्स (हृदयाचं टोक) नीट दिसला नाही' असं रिपोर्टात लिहिणाऱ्याला त्याचे पूर्ण गुण द्या.